भुताटकीचा माग इंटरनेटवरील शोधांतून लागेल काय?

राजेंद्रनगरकर (इंदूर) :
भुताटकीची तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात कोणी जात नाही. रात्री दोन वाजता गच्चीवर पावले वाजली, की माणूस हल्ली आधी मोबाइलवर शोधतो. कोणता शब्द कधी आणि कुठे किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सवर २००४ पासूनचे आलेख उपलब्ध आहेत. त्यांत ‘भूत’, ‘चेटकीण’ अशा शब्दांचा चढउतार शहरागणिक पाहिला, तर अशा अनुभवांचा नकाशा काढता येईल, असे माझे मत आहे.

शंकेखोर माळवी :
नकाशा निघेल, पण कशाचा? आपल्याच शहरात भुताच्या गोष्टींसाठी बोलली जाणारी जुनी वास्तू ‘फूटी कोठी’ शोधणाऱ्यांत भुताच्या गोष्टी वाचणारा एखादाच असेल. बाकीचे पत्ता नाहीतर चौकातली वाहतूक पाहत असतात. शिवाय ट्रेंड्सवरचा आकडा म्हणजे शोधांची संख्या नव्हे. निवडलेल्या काळातील सर्वोच्च प्रमाणाला १०० धरून बाकीचे त्याच्या तुलनेत दाखवतात, आणि शोध फारच थोडे असले तर ० येतो. छोट्या गावापुढे ० दिसला, म्हणून तिथला मुंजा पिंपळ सोडून गेला असे थोडेच आहे!

राजेंद्रनगरकर :
गूगलनेच २००८ मध्ये शोधांवरून फ्लूची साथ ओळखण्याचा प्रयोग केला होता. तो तर शास्त्रीय मानला गेला.

शंकेखोर माळवी :
आणि २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अमेरिकेतील अंदाज जवळपास दुप्पट निघाला. २०१५ मध्ये तो बंद झाला. पण ती चूक कळली, कारण डॉक्टरांकडे आलेल्या रुग्णांचे आकडे पडताळ्याला होते. भुतांच्या आलेखाशेजारी आपण काय ठेवणार?

लालबागवासी :
आपण दोघेही भुतापाशीच अडलात. २०१७ मध्ये राजस्थान, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश या भागांत बायकांच्या वेण्या कोणी अदृश्य हात कापतो अशी आवई उठली होती, आणि आग्र्याच्या बाजूला एका वृद्धेला चेटकीण समजून जमावाने ठार मारले. ‘चोटी कटवा’ हे शब्द आज कोणत्या शहरात शोधले जाऊ लागले, एवढे प्रशासनाला वेळीच दिसले, तरी पुष्कळ झाले. त्यासाठी भूत खरे असण्याची गरज नाही.

शंकेखोर माळवी :
हेतूला विरोध नाही, क्रमाबद्दल शंका आहे. खेड्यात आवई पारावर आणि पाणवठ्यावर पसरते, तेव्हा मोबाइलवर कोणी काही शोधत नसते. वाहिन्यांवर बातमी झळकल्यानंतर शोधू लागतात ते आपल्यासारखे, शंभर कोसांवर बसलेले लोक. मग आलेखात इंदूर उजळून निघेल, आणि ज्या गल्लीत त्या बाईवर काठ्या पडल्या, ती अंधारातच राहील.