सिडकोत वाढलेल्यांनो, "गाव कोणतं" विचारलं की काय सांगता?

एननऊवाला:
मंडळी, प्रश्न थोडा येड्यासारखा वाटेल पण विचारतो. लेक तिसरीत आहे, इथं पुण्यात. शाळेनं दिलंय की बाबांच्या गावाबद्दल दहा ओळी लिहा आणि चित्र काढा. मी सवयीनं भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव सांगून टाकलं. मग ती म्हणे तिथं तू काय खेळायचास, तुझी शाळा कुठं होती, दोस्त कोण होते, आणि माझी बोलतीच बंद. कारण त्या गावात मी सलग आठ दिवससुद्धा राहिलेलो नाही. दिवाळीला दोन दिवस, लग्नाकार्याला एक, संपलं.

माझं सगळं लहानपण औरंगाबादच्या सिडको वसाहतीत (तेव्हा औरंगाबादच होतं), एन-नऊ सेक्टरला, टीव्ही सेंटरपासून चालत दहा मिनिटं. पप्पा चिकलठाणा एमआयडीसीत. गल्लीत सगळेच असे, एक बीडचा, एक परभणीचा, शेजारचे हिंगोलीकडचे, समोरच्या काकू नांदेडच्या, प्रत्येकाचं "गाव" दुसरीकडं आणि ज्वारीचं पोतं मात्र त्या गावाहून एसटीच्या टपावर यायचं. आता "एन-नऊ" हे काय गावाचं नाव झालं का, कपाटाच्या खणाचा नंबर वाटतो.

आणि घरं सगळी एका साच्यातली. तोच ओटा, तीच जाळी, तेच फाटक. आमचे आबा एकदा गावाहून न कळवता आले, चुकून मागच्या गल्लीतल्या घरात गेले, खाटेवर बसले. त्या घरच्या बाईनं पाणी दिलं, चहा दिला, तिला वाटलं नवऱ्याकडचं कुणी असेल. अर्ध्या तासानं आबा विचारतात, "आमची सून कुठं गेली?" मग शोधाशोध. पुढच्या वेळेला आबांनी येताना लाल चिंधी आणली आणि फाटकाला बांधून ठेवली, ती चिंधी मी दहावीला जाईपर्यंत होती, पावसानं गुलाबी झालेली.

उन्हाळ्यात संध्याकाळी स्लॅबवर बादल्यांनी पाणी मारायचं, वाफ निघायची, मग रात्री गाद्या वर. चार घरांचे स्लॅब जोडलेले, मधे फक्त गुडघाभर कठडा. त्यामुळं झोपायला आपल्या स्लॅबवर आणि उठायला तिसऱ्याच्या, हे नेहमीचं. लाईट गेली की सगळी गल्ली वर, मग हिंगोलीचे काका भुताच्या गोष्टी सांगायचे, सगळी भुतं त्यांच्याच शिवारातली.

तर, तुम्ही काय सांगता? अन जाता जाता, एन-नऊच्या कॉर्नरला ती पिठाची गिरणी होती, तिच्या पट्ट्याचा फटफट आवाज घरापर्यंत यायचा, ती अजून आहे का कुणाला माहीत?

वाळूजचा_पोरगा:
अरे भाऊ आमचं तर त्याच्याही पलीकडं. बजाजनगर. बजाजचा प्लांट वाळूजला १९८५ ला सुरू झाला आणि आमचे वडील त्यानंतर दोन-तीन वर्षांत आले, तेव्हा आजूबाजूला बाजरी होती म्हणे. गाव विचारलं की मी कंपनीचंच नाव सांगायचो लहानपणी, लोक हसायचे.

आमच्याकडं क्रिकेट कुठं खेळायचं हे शिफ्टवर ठरायचं. ज्याच्या पप्पाची थर्ड आहे त्याच्या घरासमोर दिवसा बॉल टाकायचा नाही, ते झोपलेले असायचे. सोमवारी शिफ्ट बदलली की ग्राउंड बदललं. कोणाच्या पप्पाची कोणती शिफ्ट हे आम्हाला पाढ्यांपेक्षा पाठ होतं. एकदा नवीन भाडेकरू आले, त्यांचं कोणी विचारलंच नाही, पहिल्याच ओव्हरला खिडकीवर बॉल, आणि तो माणूस लुंगीवर बाहेर आला, बॉल घेतला, आत गेला, संध्याकाळी बॉलचे दोन तुकडे करून ओट्यावर ठेवले. शिव्या नाही काही नाही. त्याच्यानंतर त्या घरासमोर आम्ही जनरल शिफ्ट असली तरी खेळलो नाही.

आषाढीला मात्र आमची कॉलर टाईट. छोटं पंढरपूर आमच्या शेजारी, सगळं शहर पायी आमच्याकडं यायचं.

गुलमंडीकर:
हा हा. तुम्ही सिडकोवाले "शहरात जाऊन येतो" म्हणायचे, आठवतंय का? म्हणजे तुम्ही शहरात नव्हतेच, स्वतःच कबूल करायचे 😀 आम्हाला घरून दम असायचा, अभ्यास नाही केला तर सिडकोत मामाकडं पाठवीन. तिथं काय, रस्ते मोठे अन माणूस नाही. माझा मामा एन-सातला, त्याचं घर शोधताना मी दोनदा रडलोय.

पण एक खरं, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत सगळे एक व्हायचे. पाळण्यात बसायला दोन रुपये जमवायचे, आणि उसाचा रस पिऊन पैसे संपले की घरी पायी. सुपारी हनुमानाजवळ कुणीतरी ओळखीचं भेटायचंच आणि घरी चुगली पोचायची आमच्या आधी. हे सुख तुमच्या नंबरवाल्या गल्ल्यांत नव्हतं, मान्य करा.

पाण्याचीबारी:
कुणाला तरी बोलावं लागेल म्हणून बोलते. स्लॅबवर झोपायच्या आठवणी सगळ्या पोरांच्याच आहेत, बघा वरचे प्रतिसाद. आम्हा बहिणींना सातवीनंतर वर झोपायला बंदी होती. खाली एका खोलीत कूलर, त्यात वाळ्याच्या ताट्या, आणि लाईट गेली की तोही बंद. वरून तुमच्या भुताच्या गोष्टी ऐकू यायच्या, शेवट मात्र कधीच नीट ऐकू आला नाही.

आणि पाणी? पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडी धरणाचा नाथसागर, आणि आमच्या हौदाचा तळ दिसायचा. नळ रात्री दोनला यायचा, आई मला उठवायची, भावाला नाही, त्याची शाळा असते म्हणे. माझी काय जत्रा असायची का सकाळी? हंडे भरताना शेजारच्या मावशी अन मी ओट्यावर बसायचो, त्या मला विणकाम शिकवायच्या नळाची धार बघत बघत. आता त्यांनी शिकवलेला स्वेटर माझ्या पोराला घालते. तर आठवण आहे, नाही असं नाही. फक्त "काय मस्त दिवस होते" असं माझ्याच्यानं म्हणवत नाही.

तुमच्या मुलीला सांगा, बाबांच्या गावात पाणी रात्री दोनला यायचं. दहापैकी एक ओळ झाली.

लातूरहून:
आम्ही सिडकोचे नाही, लातूरला गावाबाहेरच्या कॉलनीतले, तरी लिहायलोय. माझं लहानपण म्हणलं की एकच रात्र येते समोर. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन करून आलतो, अंगावर गुलाल तसाच, झोप लागली न लागली तोच पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हादरलं सगळं. मी तिसरीत होतो, नेमकं तुमच्या लेकीएवढा. वडिलांनी उचलून रोडवर आणून ठिवलं. किल्लारीचं काय झालं ते सकाळ झाल्यावर कळालं.

त्याच्यानंतर लई दिवस घरात कुणी झोपलं नाही, सगळी कॉलनी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर, साड्या बांधून आडोसा. मोठ्यांची तोंडं उतरलेली, रेडिओला कान लावून बसलेले, आणि आम्हाला मात्र, आता सांगायला लाज वाटते, लई मजा वाटायची. शाळा नाही, सगळे दोस्त एका ओळीत झोपायलेत, सकाळी एकाच कढईतली चुरमुऱ्यांची सुशीला. माझ्या वर्गातला एक पोरगा सुट्टीला आजोळी किल्लारीकडंच गेलता. तो परत आला, पण त्या वर्षी कुणाशी बोलला नाही.

गाव विचारलं की मी लातूरच सांगतो. पुढचा प्रश्न लोक स्वतःच विचारतात, आधी भूकंप, आणि २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून पाणी.

एननऊवाला:
सगळ्यांचे आभार. @पाण्याचीबारी ताई, तुमचं वाचून बहिणीला फोन केला. मी विचारलं तू स्लॅबवर का नव्हतीस गं, तर दोन मिनिटं काही बोललीच नाही आणि मग म्हणाली "तुला आज आठवलं?" भुताच्या एका गोष्टीचा शेवट तिला सांगितला, तिनं ऐकला आणि म्हणाली एवढंच होय.

लेकीनं चित्र काढलंय. एका रांगेत आठ सारखी घरं, एकाच्या फाटकाला लाल ठिपका. मॅडम विचारतील शेत कुठंय, बैल कुठंय. बघू.

अजूनएननऊतच:
उशिरा बघितलं. गिरणी आहे. पट्टा गेला, आता मोटार डायरेक्ट आहे त्यामुळं तो फटफट आवाज नाही, आणि निम्म्या दुकानात पोरानं मोबाईल रिचार्ज टाकलंय. परवाच दळण आणलं, ज्वारी दहा किलो. ज्वारीच्या आधी कुणाचंतरी हरभऱ्याचं दळलं होतं, भाकरी जरा पिवळट यायलीय.