'व्हॅलिडेशन'ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा: एका लेखाचा अनुवाद करतेय. समाजमाध्यमांवरच्या व्हॅलिडेशनमुळे, म्हणजे आपण बरोबर आहोत असं लोकांकडून कळत राहण्यामुळे, स्वभाव कसा बदलतो आणि माणूस टोकाला कसा जातो, असा विषय आहे. मी 'मान्यता' लिहिलं. संपादकांनी ते खोडून 'प्रमाणीकरण' केलं. प्रमाणीकरण कागदपत्रांचं होतं ना?

काजवा: दोन्ही नकोत. मान्यता वरून मिळते आणि एकदा मिळाली की झालं. ही रोज लागते. 'पोचपावती' कसं वाटतं?

पागोळी: पावती म्हणजे पोचलं, पटलं असं नव्हे. 'दुजोरा' घ्या.

काजवा: दुजोरा विधानाला देतात, माणसाला नाही.

उंबरठा: घोळ तिथेच आहे. २००९ साली फेसबुकवर लाइकचं बटण आलं. लाइक असतो पोस्टला, पण आपण तो स्वतःला लावून घेतो.

पिंपळपान: मग 'शाबासकी'. मूळ फारसी 'शाद बाश', आनंदी राहा.

पागोळी: पुन्हा फारसी?

पिंपळपान: मग 'पसंती' आणि 'जबाबदारी'ही सोडा.

गारगोटी: शाबासकी ओळखीचा हात देतो. माझा भाचा पक्ष्यांचे फोटो टाकायचा, दहा-बारा लाइक यायचे. एकदा चिडून एका समाजाविरुद्ध वाटेल ते लिहिलं, तर शेकडो आले, सगळे अनोळखी. दोन महिन्यांत पक्षी बंद. मुलगा मुळात असा नव्हता हो, अजून जीव तुटतो. २०२१ साली ट्विटरवरच्या ७,३३१ जणांच्या १ कोटी २७ लाख ट्वीट तपासणारा अभ्यास आला होता. संतापाला लाइक-शेअर मिळाले की पुढच्या लिखाणात संताप वाढतो, आणि हा परिणाम मवाळ गटांतल्या लोकांवर जास्त होतो, असं त्यात दिसलं. म्हणून मला 'चटक' हवा.

काजवा: चटक लागते. ती ज्याची लागते, त्याला शब्द हवाय.

पागोळी: 'मवाळ'वरून सुचलं, टोकाला जाण्याला, म्हणजे रॅडिकलायझेशनला, 'जहालीकरण'?

काजवा: अजिबात नको! काँग्रेसच्या १९०७ च्या सुरत फुटीतले जहाल म्हणजे विचारांती घेतलेली राजकीय भूमिका. हे तसं नाही.

पिंपळपान: लॅटिन 'रॅडिक्स' म्हणजे मूळ, म्हणून 'मूलगामी'.

पागोळी: मूलगामी विचार ही तर स्तुती झाली. त्यापेक्षा 'कट्टरीकरण'.

गारगोटी: हे '-करण' माणसाला लावू नका. तो कट्टर 'होत जातो', हळूहळू, घरच्यांच्या डोळ्यांदेखत.

उंबरठा: 'कट्टर होत जाणे' घेतलं. पण माझा पहिला शब्द?

पिंपळपान: थांबा, 'कट्टर' तरी कुठून आला? कट्टर मित्रही म्हणतोच की आपण.