अनुभव धागा : स्लो कुकरमध्ये शिजवलेली फळे

केशरकाडी :
काल एका मैत्रिणीकडे दार उघडताच सफरचंद आणि दालचिनीचा वास आला आणि मला आमच्या पहिल्या बिऱ्हाडातला लहानसा स्लो कुकर, म्हणजे अन्न तासन्तास सावकाश शिजवणारे विजेचे भांडे, आठवला. त्या घरात ओव्हन नव्हता आणि शेगडी एकच होती. गोड पदार्थासाठी ती अडवून ठेवणे शक्य नसे. म्हणून फळे चिरून त्या भांड्यात घालायची, झाकण लावायचे आणि आपापल्या कामाला लागायचे, अशी सवय जडली. पुढे ओव्हन आला, तरी फळांसाठी माझी पसंती याच भांड्याला राहिली, कारण इतक्या कमी देखरेखीत इतका चांगला गोड पदार्थ मला दुसऱ्या कोणत्याही रीतीने साधलेला नाही.

माझी कृती अशी आहे. साधारण १ किलो सफरचंदे सोलून, गाभा काढून जाडसर फोडी कराव्यात. त्यांत ६० ते ७० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, दालचिनीचा अखंड तुकडा आणि चिमूटभर मीठ मिसळावे आणि झाकण लावून मोठ्या आचेवर सुमारे २ तास किंवा मंद आचेवर साडेतीन ते ४ तास ठेवावे. पाणी अजिबात घालू नये. सफरचंदाच्या वजनात सुमारे ८५ टक्के पाणीच असते, आणि झाकणाखालची वाफ फारशी बाहेर जात नसल्यामुळे सुटलेला रस भांड्यातच राहतो. दालचिनीची पूड मी टाळते, कारण इतका वेळ शिजल्यावर ती किंचित बुळबुळीत होते आणि रसाचा रंगही मळकट दिसतो.

आपण कोणती फळे घेता, किती वेळ ठेवता आणि वरून काय घालता, हे कृपया सविस्तर लिहावे.

निवांत :
आमच्याकडे सफरचंदांपेक्षा नासपती अधिक होतात. नासपती पूर्ण पिकलेली घेऊ नये. बोटाने दाबल्यावर जेमतेम दबेल इतपत घट्ट असावी, म्हणजे अर्धे काप शेवटपर्यंत आकार राखतात. मी सोललेले अर्धे काप कापलेली बाजू खाली ठेवून एका थरात मांडते, वरून संत्र्याचा रस, त्याच्या सालीचा वरचा केशरी भाग किसून आणि आल्याच्या चार चकत्या घालते आणि मंद आचेवर सुमारे ३ तास ठेवते. मध्ये एकदाच काप उलटावे लागतात, कारण रसाबाहेर राहिलेला भाग फिकट आणि कोरडा राहतो.

काही वेळा वेळ वाढवला की नासपतीला फिकट गुलाबी रंग चढतो. हा रंग प्रत्येक वेळी येत नाही, पण आला की इतका सुंदर दिसतो की वाढताना मी वर काहीच घालत नाही. असे का होते, हे कोणास ठाऊक असल्यास अवश्य सांगावे.

दुपारची_वेळ :
पाणी न घालण्याविषयी पूर्ण सहमत आहे. गोठवलेली फळे वापरणाऱ्यांनी तर ती आधी चाळणीत ठेवून वितळवावीत आणि गळलेला रस वेगळा ठेवावा. तो लहान भांड्यात आटवून शेवटी वर ओतला की चव दुप्पट होते. मुलांना शाळेतून आणायला निघायचे आहे, बाकीचे नंतर लिहिते.

रसायनवाचक :
निवांत, आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला मनापासून आनंद होत आहे, कारण स्वयंपाकातील माझा हा सर्वांत आवडता बदल आहे. नासपतीत आणि क्विन्स या तिच्या नात्यातल्या फळात काही रंगहीन, तुरट द्रव्ये साखळीच्या रूपात असतात. आंबट रसात दीर्घकाळ उष्णता मिळाली की या साखळ्या तुटतात आणि त्यांतून अँथोसायनिन, म्हणजे लाल-जांभळ्या फळांना रंग देणारी द्रव्ये तयार होतात. आपण संत्र्याचा रस घालता, त्यामुळे आंबटपणा मिळतो, आणि वेळ हे भांडे देतेच. ज्या नासपतीत ही द्रव्ये कमी असतात तिला रंग चढत नाही. क्विन्स मिळत असेल तर तो जरूर करून पाहावा. कच्चा असताना तो इतका कठीण आणि तुरट असतो की सहसा कोणी तसा खात नाही, पण मंद आचेवर ६ ते ८ तासांनी मऊ होऊन गडद लालसर होतो.

फोडी आकार का राखतात, याचेही कारण सांगतो. फळाच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने विरघळू लागले की फळ मऊ होते. मात्र साधारण ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात फळातीलच एक विकर पेक्टिनमध्ये असा बदल घडवते की फळातले कॅल्शियम त्याला अधिक घट्ट बांधून ठेवते. सफरचंद आणि चेरी यांत हा परिणाम दिसतो. स्लो कुकर हा टप्पा सावकाश ओलांडतो, म्हणून मंद आचेवरच्या फोडी बहुधा अधिक अखंड राहतात. आंबटपणाही पेक्टिनचे विरघळणे लांबवतो, त्यामुळे लिंबाचा रस सुरुवातीलाच घातला की रंग काळवंडत नाही आणि आकारही टिकतो. लगदाच हवा असेल, तर लिंबू शेवटी पिळावे.

सफरचंदाची जातही पाहावी. ग्रॅनी स्मिथ फोडी राखते, मॅकिंटॉश लवकर विरघळते आणि ब्रॅमलीचा तर फेसाळ लगदाच होतो.

उंबरठा :
हा धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. माझ्या सासऱ्यांचे दात काढल्यानंतर त्यांना फळे खाणे जवळजवळ बंद करावे लागले होते आणि ज्या माणसाचे जेवण फळाशिवाय पुरे होत नसे, त्यांना ताटावरून तसेच उठताना पाहणे आम्हा सर्वांना जड जात होते. त्या काळात मी रोज सकाळी सफरचंद, नासपती आणि थोडे जर्दाळू भांड्यात घालत असे. साखर घालत नसे, कारण सुक्या जर्दाळूंची गोडी पुरेशी होते. दुपारपर्यंत फोडी चमच्याने तुटतील इतक्या मऊ होत आणि तरीही त्या फोडीच असत, लगदा नसे. हा फरक त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा होता. आपल्याला वाटून काढलेले अन्न दिले जात आहे असे त्यांना वाटले नाही.

केशरकाडी :
उंबरठा, हे वाचून गलबलून आले. फोड आणि लगदा यांतला फरक आपण किती नेमका ओळखलात! सासऱ्यांना माझा नमस्कार सांगावा. जर्दाळू आधी भिजवता की कोरडेच घालता?

उंबरठा :
ताई, कोरडेच घालते, पण तळाशी, म्हणजे वरच्या फळांचा रस त्यांवर उतरतो आणि ते त्यातच फुगतात. मनुका मात्र शेवटच्या अर्ध्या तासात घालाव्यात, नाहीतर त्या फुटतात.

सायली_दाट :
उंबरठा यांच्या अनुभवाला एक काळजीची जोड देते. घरातील कोणाला मधुमेह असेल, तर साखर न घालताही फळांची, विशेषतः सुक्या जर्दाळूंची, स्वतःची साखर मोजावी लागते, म्हणून प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. उरलेली फळे गार करून २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत. पुन्हा गरम करायची असल्यास शेगडीवर करावीत, कारण थंड अन्न तापवायला या भांड्याला फार वेळ लागतो.

पानगळ :
फळांवर पिठाचा थर घालून केलेल्या पदार्थाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही. पीच किंवा आलूबुखार यांच्या फोडी तळाशी, त्यांवर मैदा, साखर, लोणी, बेकिंग पावडर आणि थोडे दूध यांचे घट्टसर मिश्रण चमच्याचमच्याने सोडायचे आणि मोठ्या आचेवर २ ते अडीच तास ठेवायचे. भांडे निम्म्यापेक्षा कमी भरलेले नसावे आणि दोन तृतीयांशापेक्षा अधिकही नसावे. यात खरी अडचण झाकणाची असते. वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि ते थेंब पिठावर पडून वरचा थर चिकट होतो. म्हणून झाकणाखाली स्वच्छ, कोरडा, जाड सुती पंचा ताणून बसवावा आणि त्याची टोके झाकणावर बांधून घ्यावीत, म्हणजे ती तापलेल्या बाजूंना लागत नाहीत. पंचा पाणी शोषून घेतो आणि थर हलका फुलतो.

झाकण मध्येच उघडण्याचा मोह टाळावा. प्रत्येक वेळी साठलेली ऊब निघून जाते आणि शिजण्याचा वेळ २० मिनिटे किंवा त्याहून अधिक वाढतो.

खमंग_थर :
पानगळ, आपल्या पंचाच्या युक्तीबद्दल आदर राखून माझे मत वेगळे आहे. पंचा पाणी शोषतो हे खरे, पण थर खमंग तांबूस कधीच होत नाही, कारण त्यासाठी पृष्ठभाग कोरडा होऊन तापमान १४० अंशांच्या आसपास जावे लागते आणि हे भांडे उकळबिंदूच्या पुढे जातच नाही. मी फळे भांड्यात शिजू देते आणि ओट्स, लोणी, साखर व भरडलेले बदाम यांचे मिश्रण जाड बुडाच्या तव्यावर मध्यम आचेवर परतून खमंग करून ठेवते. वाढताना ते फळांवर पसरले की खाली मऊ आणि वर कुरकुरीत असे दोन्ही मिळते. तव्यासाठी १० मिनिटे उभे राहावे लागते, पण ती मला सार्थकी लागलेली वाटतात.

पानगळ :
आपले म्हणणे पटते. मात्र माझ्या घरी तो मऊ, वाफेवर फुललेला थरच सर्वांना अधिक आवडतो आणि रसात भिजलेली त्याची खालची बाजू तर वाटून घ्यावी लागते. दोन्ही पदार्थ स्वतंत्र मानावेत, असे मला वाटते.

तळटीप :
धाग्याच्या सुरुवातीला एका शेगडीचा उल्लेख वाचून या भांड्याचा इतिहास सांगावासा वाटतो. शिकागोतील अर्व्हिंग नॅक्सन या संशोधकाला अशा विजेच्या भांड्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. त्यामागची प्रेरणा त्याच्या आईने सांगितलेली एक आठवण होती. लिथुआनियातील तिच्या गावी कडधान्याचा एक पदार्थ रात्रभर भट्टीच्या मंदावत जाणाऱ्या उष्णतेवर शिजत ठेवला जाई. पुढे रायव्हल या कंपनीने नॅक्सनची कंपनी विकत घेतली आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट या नावाने हे भांडे बाजारात आणले. म्हणजे मुळात घुगरीसारख्या पदार्थासाठी जन्मलेले हे यंत्र आपण फळांसाठी वापरतो आहोत, आणि मला तर ते फळांनाच अधिक शोभते.

विजेची चिंता असणाऱ्यांसाठी एक हिशेब देतो. २५० वॅटचे भांडे सलग ४ तास पूर्ण क्षमतेने चालले, तरी १ युनिट वीज लागते.

दुपारची_वेळ :
परत आले. वर कोणी लिहिले नाही म्हणून विचारते, रस दाट कसा करावा? कॉर्नफ्लोअर सुरुवातीलाच मिसळल्यास शेवटी रस पुन्हा पातळ होतो, असे मला दिसून आले आहे.

रसायनवाचक :
आपले निरीक्षण बरोबर आहे. आंबट रसात दीर्घकाळ तापत राहिल्यास स्टार्च तुटते आणि त्याचा दाटपणा जातो. कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून शेवटची १५ ते २० मिनिटे राहिली असताना मोठ्या आचेवर घालावे आणि रस पारदर्शक दिसू लागला की थांबावे. दूध किंवा साय घालायची असेल, तर तीही भांडे बंद केल्यावरच घालावी, कारण आंबट, गरम रसात दूध फाटते.

पिठाशिवाय दाटपणा हवा असल्यास झाकण काढून शेवटचा पाऊण तास मोठ्या आचेवर ठेवावे.

रात्रपाळी :
झाकणाचा विषय निघालाच आहे, तर माझा अनुभव सांगतो. सफरचंदांचा दाट, गडद तपकिरी मुरंबा मी रात्रभर करतो. २ किलो सफरचंदे, ३०० ग्रॅम साखर, दालचिनी आणि अगदी दोनच लवंगा घेतो, कारण लवंगेचा उग्रपणा तासागणिक वाढत जातो. पहिले ६ तास झाकण पूर्ण बंद ठेवतो. त्यानंतर फळे रवीने घोटून झाकणाखाली लाकडी चमचा आडवा ठेवतो, म्हणजे फट राहते आणि वाफ बाहेर पडते. पुढचे ३ ते ४ तास तासाभराने एकदा ढवळतो. शेगडीवर हाच मुरंबा करताना सतत उभे राहावे लागते आणि तरीही बुडाला लागण्याची भीती असते. येथे उष्णता कडांनी सगळीकडून येते, त्यामुळे ती भीती जवळजवळ राहत नाही.

हळद_कुंडी :
केळी घातलेली चालतात का? घरी बरीच पिकली आहेत.

निवांत :
चालतात, पण सुरुवातीपासून नाही. बाकीची फळे शिजल्यावर केळ्यांच्या जाड चकत्या घालून झाकण लावावे आणि १५ मिनिटांनी भांडे बंद करावे. फार पिकलेली असतील, तर १० मिनिटेच पुरेशी होतात. अननसाबरोबर त्यांची जोडी चांगली जमते. भांडे धुताना मात्र ते पूर्ण निवू द्यावे, कारण तापलेल्या चिनीमातीवर थंड पाणी पडल्यास तडा जातो.

हळद_कुंडी :
आभारी आहे. अननस आहेच, आज संध्याकाळी करते आणि कसे झाले ते येथे कळवते.