चोवीस जणांचं जेवण, दोनच बर्नर: चौघांचं माप सहापट करायचं का?

तिसरी_शिट्टी
घरी दुपारच्या जेवणाला २४ माणसं येणार आहेत, त्यात ५ लहान मुलं. बेत साधाच आहे: राजम्याचा रस्सा, मोकळा भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडी-गाजराचं सॅलड. चौघांची मापं पक्की आहेत. राजमा २०० ग्रॅम, कांदे २, टोमॅटो ३. तांदूळ २ वाट्या (वाटी २०० मिलिची) आणि पाणी ४ वाट्या.
साधनं: दोन बर्नरची शेगडी, ५ लिटरचा कुकर, जाड बुडाचं १० लिटरचं रुंद पातेलं, ६ लिटरचं एक पातेलं, मोठी कढई, घरचा नेहमीचा फ्रिज.
सगळं सरळ सहापट करावं का? पाणी, मीठ, तिखट, शिजायचा वेळ, यातलं काय त्याच पटीत वाढतं आणि काय नाही? आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल?

मंद_आच
सरळ सहापट करू नका. जिन्नस माणसांच्या हिशेबाने वाढतात. पाणी आणि वेळ मात्र पातेल्याच्या तोंडावर आणि बर्नरच्या ताकदीवर ठरतात. बहुतेक मोठे बेत बिघडतात ते इथेच.

भाताचंच बघा. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालतो, त्यातलं साधारण सव्वा वाटी दाण्यात शिरतं आणि पाऊण वाटी वाफेवाटे जातं. दाण्यात शिरणारं पाणी तांदळाच्या पटीत वाढतं, उडणारं तसं वाढत नाही. पाच वाट्या तांदूळ रुंद पातेल्यात लावले तर सव्वासहा वाट्या दाण्यांसाठी आणि दीड वाटी उडण्यासाठी, म्हणजे पावणेआठ वाट्या पुरतात. दहा वाट्या घातल्या की भाताचा गोळा झालाच. तांदूळ अर्धा तास भिजवलेले असतील तर आणखी अर्धी-पाऊण वाटी कमी.

दुसरं, ढीग खोल झाला की खालचा भात वरच्या वजनाने दबतो आणि वरचा कच्चा राहतो. शिजलेल्या भाताचा थर १०-१२ सेंमीच्या वर नको. तुमच्याकडे इतर पदार्थ आहेत, तेव्हा माणशी ६५ ग्रॅम कच्चे तांदूळ धरा. एकूण दीड किलो. ते ७५० ग्रॅमच्या दोन घाण्यांत करा.

कांदा_परतणी
रश्शाची चव कांद्यावर आहे, म्हणून त्याबद्दल नीट लिहितो.
तुम्हाला किलोभर कांदा लागेल. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. सगळा एकदम पातेल्यात टाकला की ते पाणी एकदम सुटतं, वाफ ढिगातच अडकते आणि कांदा परतला न जाता उकडतो. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग व खमंग वास त्याच्या बऱ्याच वर येतो. आच मोठी करून हे सुटत नाही. तळ जळतो आणि वरचा कांदा पांढराच राहतो.
उपाय पसरटपणाचा. रुंद पातेलं आणि कढई दोन्ही बर्नरवर एकाच वेळी ठेवा, कांदा निम्मा-निम्मा वाटा, थर ३-४ सेंमीपेक्षा जाड नको. मीठ सुरुवातीलाच चिमूटभर घाला, पाणी लवकर सुटतं आणि लवकर उडतं. पहिली दहा मिनिटं झाकण अजिबात नको. तळाला तपकिरी थर धरू लागला की दोन चमचे गरम पाणी टाकून खरवडा; तो थर म्हणजेच रंग आहे. काळा झाला तर मात्र खरवडू नका, वरचा कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्या. किलोचा कांदा साधारण ३०० ग्रॅमवर यायला पाऊण तास सहज लागतो. हे काम आदल्या दिवशीचं. गार करून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

टोमॅटो सहापट म्हणजे १८ होतात. मध्यम आकाराचे असतील तर १२ पुरे. रस्सा जास्त वेळ उकळणार, आंबटपणाही आटून वाढणार. लवंग, दालचिनी, मिरचीचंही तेच: चौपट-साडेचारपटीने सुरू करा आणि शेवटी चाखून वाढवा.

भिजवण
राजमा: माणशी ५० ग्रॅम, १.२ किलो. ५ लिटरच्या कुकरमध्ये एका वेळी ४०० ग्रॅम (कोरडा असतानाचं वजन), म्हणजे तीन घाणे. भिजून तो दुपटीच्या थोडा वर जातो आणि फुगणाऱ्या कडधान्याला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. वर भरला की फेस आणि सालं वाफेच्या वाटेत अडकतात. हा केवळ उतू जाण्याचा प्रश्न नाही, धोक्याचा आहे.
रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात शिजवा. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारा लेक्टिन असतो. तो खळखळत्या उकळीनेच जातो. कुकरमध्ये हे होऊन जातं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा कच्चाच लावू नये, त्यात उकळी येत नाही.
मीठ शिजवतानाच घाला, त्याने राजमा कडक राहत नाही, उलट साल मऊ होतं. कडक ठेवतो तो टोमॅटो. दाणा बोटांत सहज चिरडेपर्यंत टोमॅटो त्याच्याजवळ नेऊ नका. तिन्ही घाण्यांतला एकेक दाणा दाबून बघा, कारण एका घाण्यातले कडक दाणे सगळ्या रश्शात मिसळले की मग वेगळे काढता येत नाहीत.
मीठ चमच्याने मोजू नका, वजनाने घ्या. तयार रस्सा ६ किलो होईल. त्याला एकूण एक टक्का, म्हणजे ६० ग्रॅम. राजम्यात आणि कांद्यात घातलेलं यातच धरा. आधी ४५ ग्रॅमवर थांबा, बाकीचं वाढण्याआधी.

तिसरी_शिट्टी
हे फार उपयोगाचं आहे, धन्यवाद. म्हणजे रस्सा आदल्या संध्याकाळी पूर्ण करून ठेवला तर चालेल ना? ६ लिटरचं पातेलं तसंच फ्रिजमध्ये मावतं. आणि भातही सकाळी लवकर करून झाकून ठेवू का?

थंड_गरम
रस्सा चालेल, पण पातेलं तसंच फ्रिजमध्ये नको. भात सकाळी लवकर नको.

६ लिटरचा दाट रस्सा मधोमध कित्येक तास कोमट राहतो, फ्रिजमध्ये ठेवला तरी. ५ ते ६० अंशांच्या मधे जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही जिवंत राहतात. मोठं पातेलं हळूहळू निवतं तेव्हा त्यांना हवी तशी जागा मिळते. शिवाय गरम पातेल्याने फ्रिजमधलं दूधदुभतंही तापतं. रस्सा तीन-चार पसरट भांड्यांत ओता, थर ५ सेंमीच्या आत. ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा, पाणी दोनदा बदला, बर्फ असेल तर उत्तम. दोन तासांच्या आत गार करून फ्रिजमध्ये गेलाच पाहिजे. पूर्ण गार होईपर्यंत घट्ट झाकण लावू नका.
त्यासाठी रस्सा दाटच ठेवा. पाणी दुसऱ्या दिवशी उकळतं घाला. जागाही कमी लागते, निवतोही लवकर.

भाताचा धोका वेगळा. त्यातला एक जिवाणू कोमट भातात जे विष तयार करतो ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. म्हणून भात एक तर गरमच ठेवायचा, नाही तर लगेच पसरून गार करायचा. मधली अवस्था नको. उरलेल्या भाताचंही हेच: जेवणं उरकली की गप्पांआधी तो पसरून फ्रिजमध्ये.

मंद_आच
मग भात पाणी काढून टाकण्याच्या पद्धतीने करा, मापाची चिंताच राहत नाही. १० लिटरच्या पातेल्यात ६ लिटर पाणी, ५० ग्रॅम मीठ, खळखळ उकळी. भिजवलेले ७५० ग्रॅम तांदूळ घाला. उकळी परत आल्यापासून ६-८ मिनिटांत दाणा बाहेरून मऊ आणि मधे टिपक्याएवढा कडक असतो. तेव्हाच चाळणीत ओता. पूर्ण शिजेपर्यंत थांबलात तर दमावर तो फुटतो. ६ लिटरच्या पातेल्यात काढून, झाकून, सर्वांत मंद आचेवर ८ मिनिटं. दुसऱ्या घाण्याला नवं पाणी घ्या, पहिलं पिठूळ झालेलं असतं.
खरी अडचण बर्नरची आहे. १ वाजता पानं मांडणार असाल तर असं बसतं: भाजी ११ ते पावणेबारा, दोन्ही बर्नरवर, मग झाकून जाड कापडात गुंडाळून. पावणेबाराला कढईत रस्सा एका बर्नरवर. फ्रिजमधला ६ लिटर रस्सा उकळायला पाऊण तास जातो. कडेला बुडबुडे आले म्हणजे गरम झाला असं नाही, तळापासून ढवळून मधोमधही उकळू द्या. भाताचं पाणी दुसऱ्या बर्नरवर १२ च्या आत. रस्सा उतरला की दोन्ही बर्नर भाताला.

कांदा_परतणी
बटाटे साडेतीन किलो, सालासकट आदल्या दिवशी उकडा. कुकरमध्ये टाकाल तर एकाच आकाराचे निवडा. रात्रभर फ्रिजमध्ये गार झालेला बटाटा घट्ट होतो, फोडी स्वच्छ पडतात आणि कढईत ढवळताना लगदा होत नाही. तरीही दोन घाण्यांतच परता.

भिजवण
एक राहिलं. कोणाला काय चालत नाही ते आजच विचारून घ्या: शेंगदाणे, तीळ, दूध, गहू. ॲलर्जी असेल तर त्या माणसाचं ताट सगळ्यांच्या आधी, स्वच्छ डावाने वेगळं काढून ठेवा. सॅलडवर दाण्याचं कूट घालायचं असेल तर बाजूला वाटीत द्या. आणि कोणी "काय आणू" म्हणालं तर सॅलडच सांगा. त्याला बर्नर लागत नाही. फक्त मीठ आणि लिंबू इथे येऊन, वाढण्याच्या पाच मिनिटं आधी घालायला सांगा, नाही तर काकडी पाण्यात पोहते.