वेल्डर आणि अ‍ॅस्बेस्टॉस: दाव्याची मुदत संपली असं धरून चालू नका

'वेल्डरला त्रास धुराचा, अ‍ॅस्बेस्टॉसचा काय संबंध?' असा प्रश्न कुणालाही पडेल. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे उष्णता अडवणारं तंतुमय खनिज; त्याची धूळ छातीत गेली की घातक. वेल्डरचा त्याच्याशी संबंध आहे, आणि जुन्या लोकांचा तर फारच. पूर्वी काही वेल्डिंग रॉडच्या फ्लक्समध्येच (रॉडवरच्या लेपात) अ‍ॅस्बेस्टॉस असे. ठिणग्या अडवायचं कापड, हातमोजे, तेही त्याचेच. पण खरी धूळ उडायची जोडकामाच्या आधी: बॉयलरच्या पाइपावरचं लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) खरवडताना, फ्लँजला (पाइपाच्या जोडाच्या कडेला) चिकटलेली गॅस्केट, म्हणजे जोड गळू नये म्हणून घातलेली चकती, ग्राइंडरने घासताना. जुन्या जहाजांवर असं काम आजही निघतं. साधा कापडी मास्क तिथे कुचकामी.

मेसोथेलिओमा, म्हणजे या धुळीमुळे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग, उमटायला २० ते ५० वर्षंही लागतात, म्हणून 'आता कसला भरपाईचा दावा' असं म्हणत लोक गप्प बसतात. बऱ्याच ठिकाणी मुदत निदानापासून मोजतात, धूळ छातीत गेल्यापासून नाही. मात्र ती फार नसते, तेव्हा रिपोर्ट हातात आला की वकील गाठा. कंपनी बुडाली असली तरी तिचा विमा, किंवा अमेरिकेत असतो तसा भरपाई ट्रस्ट, शिल्लक असू शकतो.

आणि डॉक्टरांना नुसतं 'वेल्डर होतो' सांगू नका. कुठे, कशावर, कोणत्या साली काम केलं ते केसपेपरवर लिहून घ्या. दाव्यात तोच कागद लागतो.