पोस्टकार्डावर ना तिकीट ना शिक्का, नकली आहे का?

प्रश्न: पहिल्या महायुद्धातलं एक पोस्टकार्ड हाती आलंय, फ्रान्समधल्या ब्रिटिश सैनिकाने मैत्रिणीला पाठवलेलं. पुढे रेशमावर भरतकाम, पॅन्सीची फुलं आणि 'टू माय स्वीटहार्ट'. मागे पेन्सिलने चार ओळी, पण पत्ता, तिकीट, शिक्का काहीच नाही. मजकूर तर इतका कोरडा की बस, मी बरा आहे, पार्सल पोचलं, थंडी आहे. कुणी नंतर बनवलेलं तर नसेल?

उत्तर १: तिकीट नाही म्हणून नकली ठरवू नका, रेशमी कार्डं बरीचशी अशीच सापडतात. नाजूक काम, उघडं टाकलं तर मळणार, म्हणून पत्राबरोबर पाकिटात घालून पाठवायचे, शिक्का बसायचा पाकिटावर आणि पाकीट गेलं कचऱ्यात. शिवाय आघाडीवरनं ब्रिटिश सैनिकाचं पत्र फुकट जायचं, तिकीट कुठून असणार? भरतकाम फ्रान्स-बेल्जियममधल्या बायकांचं, पातळ जाळीदार रेशमाच्या लांब पट्टीवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा भरायची, मग कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. काही कार्डांना पुढे कप्पा असतो, जरा हलक्या हाताने बघा.

उत्तर २: कोरडेपणाचं म्हणाल तर लष्करी गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून त्याची पत्रं त्याच्याच तुकडीतला अधिकारी आधी वाचायचा हो! सकाळी ज्याला सॅल्यूट ठोकला तोच संध्याकाळी आपलं 'माझे राणी' वाचणार म्हटल्यावर कोण मोकळं लिहील? खाजगी पत्रासाठी सैनिकाला मिळणारं खास हिरवं पाकीट असलं तर तुकडीत उघडत नसत, पण ती मोजकीच मिळायची आणि आघाडीच्या मागे, लष्कराच्या तळावर कधीही फोडली जायची. म्हणून बोलायचं ते फुलांनी. पॅन्सीला फ्रेंचमधे 'पाँसे' म्हणतात, त्याचा अर्थच विचार, म्हणजे तुझा विचार करतोय.

उत्तर ३: याहून कोरडं हवं तर सैनिकांना मिळणारं सरकारी 'फील्ड सर्व्हिस पोस्टकार्ड' बघा. सगळी वाक्यं छापील, मी ठीक आहे, हॉस्पिटलात आहे वगैरे, नको ती खोडायची, खाली सही आणि तारीख. वर एक शब्द लिहिला तर कार्ड नष्ट. त्यातच एक ओळ होती, बरेच दिवस तुझं पत्र नाही. टोमण्याची तेवढी सरकारी सोय :)

प्रश्नकर्ता: अहो कप्पा आहे खरंच!! फुलांच्या मागेच. आत बोटभर कार्ड, छापील शुभेच्छा, आणि मागे पेन्सिलने नुसत्या फुल्या, सात. हा काही कोड आहे का?

उत्तर २: कोड कसला, इंग्रजी पत्रात फुली म्हणजे मुका. साहेबाने कप्पा उघडला नसावा.