मदत हवी आहे: फायबरचं नेट मध्येच जातं, पण लाल दिवा लागत नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. घरी फायबर कनेक्शन, कॉम्प्युटर थेट लॅन केबलवर, विंडोज १०. नेट चार-पाच मिनिटं जातं आणि आपोआप येतं. संध्याकाळी जास्त, पावसात तर विचारूच नका.

नेट गेलं की मोबाईलचं वायफायही बंद, म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नसावा. त्या वेळी १९२.१६८.१.१ ला (म्हणजे राउटरला) पिंग, म्हणजे चाचणीचा संदेश, व्यवस्थित जातं, ८.८.८.८ ला (गूगलचा बाहेरचा सर्व्हर) ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे उत्तरच येत नाही. राउटरवरचा पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा हिरवाच, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लागत नाही, फक्त इंटरनेटचा विझतो. राउटर इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे लाईट जाण्याचा संबंध नाही. लॅन केबल बदलली, डीएनएस बदलला, राउटर रीसेट केला, फरक शून्य.

राउटरच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधून येणाऱ्या सिग्नलची ताकद; आकडा जितका खाली तितका सिग्नल कमजोर) -२६ डीबीएम दिसते, पावसात -२७ च्याही खाली. खांबावरचा जॉइंट नुसता चिकटपट्टीने गुंडाळलाय, खालून दिसतो. लाईनमन येतो तेव्हा नेट नेमकं चालू असतं. ‘सगळं बरोबर आहे’ म्हणून जातो. दुसरी कंपनी आमच्या गल्लीत नाही.

एवढ्या पॉवरवर लाल दिवा न लागता नेट तुटू शकतं का, की राउटरच बिघडलाय? लाईनमनला कन्नडमध्ये सांगेन, पण नेमकं काय तपासायला सांगू?